जिन्यातली गुडघासभा

आमचं घर विकायचा निर्णय दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर झाला. निर्णय हिचा होता. मी शेजारी दोन्ही हातांत किराण्याच्या पिशव्या घेऊन उभा होतो, एवढाच माझा सहभाग. ही कठड्याला धरून थांबली, उजव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बास झालं. आता तळमजल्यावर जागा बघा."

मी म्हणालो, "आधी वर तर जाऊ."

"वर जायचं नाही म्हणूनच तर सांगतेय."

पहिल्या मजल्यावरच्या मावशींचं दार नेहमीप्रमाणे उघडं होतं. आम्ही कुलूप काढून आत जाऊन पिशव्या ठेवतो न ठेवतो तोच खालचा सेक्रेटरी धापा टाकत वर आला आणि विचारू लागला, "साहेब, जागा विकताय असं कळलं. सोसायटीला आधी लेखी कळवायला लागतं, माहीत आहे ना?" मला स्वतःला कळून अजून पाच मिनिटं झाली नव्हती.

आता हिची बाजू सांगायला हवी, नाहीतर ही सांगेल. ही शाळेत गणित शिकवते. गेल्या वर्षी गुडघा दुखायला लागला म्हणून आम्ही एका मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "झीज आहे. वय झालं की होतं. जिने टाळा." आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. बाहेर रांग मोठी होती, त्यांनाही दोष देत नाही. पण "झीज" हा शब्द गणिताच्या बाईंच्या हाती देणं धोक्याचं असतं. हिने घरी येऊन त्यावर एक सिद्धांत रचला. प्रत्येक गुडघा जन्मतानाच ठरावीक पायऱ्यांचा कोटा घेऊन येतो. तो संपला की गुडघा संपला. म्हणून उरलेल्या पायऱ्या जपून वापरायच्या.

आणि मग ती जपू लागली. सकाळी शाळेसाठी एकदा खाली, दुपारी एकदा वर. संध्याकाळचं फिरणं बंद. गच्चीवरच्या कुंड्या मावशींना देऊन टाकल्या. भाजीवाल्यासाठी गॅलरीतून दोरीची टोपली सोडायला सुरुवात झाली. मैत्रिणीच्या मुलीचं लग्न दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये होतं, तर हिने घरूनच फोनवर आशीर्वाद दिले. गंमत अशी की जितकी बचत जास्त तितका गुडघा जास्त दुखायचा, आणि जितका दुखायचा तितकी ही आणखी बचत करायची. हिशेब चोख होता, फक्त उत्तर दर महिन्याला वाईट येत होतं.

मला ते घर सोडायचं नव्हतं. उगाच आडवळणाने कशाला सांगू? भाड्याच्या खोल्यांमधून उठून आम्ही तिथे आलो होतो. तिथल्या भिंतींना रंग आम्ही दोघांनी मिळून दिलाय आणि एका कोपऱ्यात तो अजून वेगळा दिसतो. पण त्याहून मोठी भीती मला हिची वाटत होती. आधी फिरणं गेलं, मग गच्ची, मग लग्न. उद्या घर जाईल. पुढच्या वर्षी ही काय काय सोडून देईल, हे मला कळत नव्हतं, आणि हिला विचारलं की ती म्हणायची, "दुखतंय मला, तुम्हाला नाही." यावर कोणता नवरा काय बोलणार?

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदाराचा किलो खरोखरच किलो आहे का, हे बघणं माझं काम. आमच्या ऑफिसात काचेच्या कपाटात प्रमाण वजनं असतात. त्यांना नुसता हात लावायचा नाही, चिमट्याने उचलायचं, कारण बोटांचा घामसुद्धा त्यांचं वजन वाढवतो. तराजूच्या खोलीत आम्ही पंखा लावत नाही आणि शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकतो. अशी नोकरी आयुष्यभर केली की माणसाला एक खोड लागते. ज्या गोष्टीचं प्रमाण कुणाला माहीत नाही, तिच्याबद्दल स्वस्थ बसवत नाही. मला वाटलं, या गुडघ्याबद्दल लोकांना नक्की माहीत तरी काय आहे ते तपासावं. जिन्याने गुडघा संपतो की नाही, एवढंच मला हवं होतं.

सुरुवात मावशींपासून केली. त्या म्हणाल्या, "त्यात विचारायचं काय? गुडघ्यातलं तेल आटतं. माझ्या सासूबाईंचं आटलं होतं, आता माझं आटतंय."

"मग तेल वरून लावून आत जातं का?"

"न जायला काय झालं? चोळायचं जोरात."

दुसऱ्या मजल्यावर घड्याळवाले काका राहतात. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. डोळ्याला लावायचं भिंग ते घरीही कपाळावर चढवून बसतात. त्यांच्या मते तेल आटत नाही, कचरा अडकतो. "कटकट आवाज येतो ना? धूळ आहे आत. घड्याळ असतं तर मी उघडून फुंकर मारली असती." मी विचारलं की माझ्याही गुडघ्यात आवाज येतो पण दुखत नाही, ते कसं? काकांनी माझा गुडघा हातात घेऊन वाकवला, कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "तुमचं घड्याळ पुढे आहे." याचा अर्थ मला आजतागायत समजलेला नाही.

ऑफिसात साहेबांनी सांगितलं की हे सगळं फरशीमुळे. जुन्या काळी मातीची जमीन होती, तेव्हा कुणाचे गुडघे दुखत होते? मी म्हणालो, दुखत असतील पण कुणी लिहून ठेवलं नसेल. साहेबांना हे आवडलं नाही. हेडक्लार्क बाईंच्या मते आंबट खाणं कारणीभूत. बँकेतल्या कॅशियरचा भर उंचीवर होता. उंच माणसांचे गुडघे जमिनीपासून लांब असतात, म्हणून लवकर दमतात. न्हावी म्हणाला, हे म्हातारपणाचं दुखणं, आपण बोलूच नये, आपल्याला लागेल. त्याच्या शेजारच्या खुर्चीत जेमतेम पस्तिशीची एक बाई मुलाचे केस कापून घ्यायला आली होती. ती हळूच म्हणाली, "माझाही दुखतो. पण घरी सांगितलं की सगळे हसतात, म्हणून मी सांगत नाही." हे ऐकून न्हाव्याची कात्री क्षणभर थांबली. मला मात्र ही एक माहिती बाकी सगळ्या सिद्धांतांपेक्षा वजनदार वाटली.

प्रत्येकाला खात्री होती. याचंच मला नवल वाटत राहिलं. पावसाबद्दल विचारलं तर लोक म्हणतात, बघू, सांगता येत नाही. गुडघ्याबद्दल मात्र एकही माणूस "मला माहीत नाही" म्हणाला नाही.

मी हे सगळं घरी येऊन हिला सांगत असे. ही वह्या तपासता तपासता ऐकायची आणि म्हणायची, "म्हणजे जिन्याने काही होत नाही, असं कुणीच म्हणालं नाही ना? मग जागा बघा."

जागा बघायला जायची वेळ आलीच नाही, जागाच आमच्याकडे चालत आली. सेक्रेटरीच्या ओळखीचे एक लाकूडवाले होते. त्यांची वखार गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि वखारीमागे तळमजल्यावर ऐसपैस घर. त्यांना ते घर देऊन वरच्या मजल्यावरची जागा हवी होती. जागेला जागा, सरळ अदलाबदल. एका रविवारी सकाळी ते आमच्याकडे आले. तिसऱ्या मजल्यापर्यंत धापा टाकत आले, पण चेहरा आनंदाने फुललेला.

"वा! भरपूर जिने आहेत," ते म्हणाले.

जिन्यांचं कौतुक करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. "जिने तुम्हाला आवडतात?"

"आमच्या हिचे दोन्ही गुडघे गेलेत हो. तळमजल्याची ओल. ती हाडांत शिरते. वर आलं की ओल सुटेल, उजेड मिळेल, गुडघे एका महिन्यात मोकळे होतात बघा."

मी हिच्याकडे पाहिलं. ही लाकूडवाल्यांकडे पाहत होती.

दुसऱ्या रविवारी आम्ही त्यांचं घर पाहायला गेलो. घर खरंच चांगलं होतं. पायरी एकही नाही, दारातून थेट आत. भिंती कोरड्या होत्या. ओल शोधायला मी कपाटामागेसुद्धा डोकावलो आणि लाकूडवाल्यांनी ते पाहिलं, त्यामुळे थोडी पंचाईत झाली. आतल्या खोलीत त्यांची बायको एका उंच खुर्चीत बसली होती. खुर्ची लाकूडवाल्यांनी स्वतः बनवली होती, हात ठेवायला रुंद दांडे, पाठीला उशी. तिच्या हाताच्या अंतरावर सगळं होतं: पाण्याचा तांब्या, रेडिओ, फोन, विणकाम, औषधं. तिच्या नवऱ्याने आणि मुलांनी एकेक वस्तू प्रेमाने तिच्याजवळ आणून ठेवली होती.

ही तिच्याजवळ बसली. "बाहेर जाता का हो कधी?"

"कशाला जायचं? सगळं इथेच मिळतं," ती हसून म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "वखारीत नवी लाकडं आली की वास येतो ना, तो इथपर्यंत येतो. पूर्वी मी जाऊन बघायची. आता नाही जात. पाय उचलवत नाहीत."

वखार त्या खोलीच्या खिडकीतून दिसत होती.

परत येताना बसमध्ये ही बोटांवर काहीतरी मोजत होती. मी दोन-तीनदा विषय काढला, स्वयंपाकघर मोठं आहे, अंगण आहे. हिने मान हलवली. आपला थांबा आला तेव्हा ती उठली, पुढच्या सीटच्या दांड्याला धरून जरा उभी राहिली आणि म्हणाली, "तिथे जिना नाही. तरी तिचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट आहेत."

"हो."

"मग माझ्या गणितात काहीतरी चुकतंय." असं ही कधी बोलत नाही. संसारात दोनदा बोलली असेल, आणि दोन्ही वेळा चूक माझी निघाली होती. "तुम्ही दुकानदारांचे किलो तपासत फिरता. या एका गोष्टीचं खरं काय ते कुणाला तरी नीट विचारून या. लाकूडवाल्यांना मी पुढच्या रविवारी उत्तर देणार आहे."

आता हे काम माझ्या अखत्यारीत आलं होतं. मी रजा टाकून सरकारी इस्पितळात गेलो. तिथे व्यायामोपचाराचा विभाग आहे हे मला ठाऊक होतं. खिडकीवरच्या बाबूने विचारलं, "काय दुखतंय?"

"काही नाही. मला गुडघ्याबद्दल माहिती हवी आहे."

"माहिती दुखत असेल तर चौकशी खिडकी. पाय दुखत असेल तर इथे."

चौकशी खिडकीवर गेलो. तिथल्या बाईंनी सांगितलं की विभाग कुठे आहे ते त्या सांगू शकतात, विभागात काय आहे ते नाही, आणि केसपेपरशिवाय शिपाई आत सोडत नाही. पुन्हा पहिल्या खिडकीवर आलो. बाबू म्हणाला, "म्हणजे दुखतंय." मी म्हणालो, बायकोचं दुखतंय. तो म्हणाला, बायकोला आणा. मी म्हणालो, तिला जिना उतरायचा नाही. तो म्हणाला, मग नुसता कागद करून काय उपयोग, तिची सही लागेल. शेवटी मागच्या रांगेत कुजबुज वाढली आणि मी नाक मुठीत धरून म्हणालो, "ठीक आहे, माझाच दुखतो."

"उजवा की डावा?"

उजवा हिचा होता. मी डावा घेतला.

आत एक तरुण डॉक्टरीण होती, म्हणजे व्यायामोपचारवाली. तिने केसपेपर पाहिला, माझं आडनाव वाचलं आणि उभीच राहिली. "तुम्ही बाईंचे मिस्टर? मी बाईंच्या हाताखाली शिकलेय! भूमितीत त्यांनी मला पट्टीने मारलंय." हे तिने इतक्या आनंदाने सांगितलं की मारायचं कारण विचारावंसंच वाटलं नाही. मी सगळी हकीगत सांगितली. कोटा, टोपली, लाकूडवाल्यांची खुर्ची. ती ऐकताना मध्येच हसत होती आणि मध्येच गंभीर होत होती. ती म्हणाली, "काका, मी एकट्या बाईंना सांगितलं तर त्या मला पुन्हा पट्टी मारतील. आणि तुमच्या इमारतीत सगळेच असं समजतात. मी रविवारी येते. सगळ्यांना एकत्र जमवा."

इथून माझ्या प्रतिष्ठेची उतरण सुरू झाली. सभा घ्यायची तर सोसायटीची खोली हवी, आणि सोसायटीची खोली गच्चीवर आहे. मी सेक्रेटरीला म्हणालो, "गुडघेदुखीची सभा गच्चीवर?"

"दुसरी जागा नाही. पार्किंगमध्ये घ्यायची तर ठराव लागेल, ठरावाला सभा लागेल, आणि सभा गच्चीवर होते."

मग मी प्रत्येक दारात जाऊन विचारलं, कोण कोण गच्चीवर येईल? ज्यांचे गुडघे दुखत होते त्यांनी सांगितलं की वर चढणार नाही. ज्यांचे दुखत नव्हते ते आनंदाने यायला तयार होते, कारण त्यांना त्यांचं मत मांडायचं होतं. म्हणजे सभेला डॉक्टर, आणि ज्यांना काही झालेलं नाही अशी सगळी मंडळी. ही म्हणाली, "मीही येणार नाही. एक मजला जास्त."

घड्याळवाल्या काकांनी तोडगा काढला. "आपापल्या दारात बसा ना. ती मुलगी जिन्यात उभी राहील. वरच्यांनी वरून ऐकायचं, खालच्यांनी खालून."

सेक्रेटरी नियमांचं पुस्तक चाळू लागला. जिन्यात सायकल ठेवायची मनाई होती, कुंडी ठेवायची मनाई होती, सभा घ्यायची मनाई कुठेच नव्हती. तो जरा हिरमुसला.

रविवारी सकाळी आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर दारात खुर्च्या लागल्या. मावशी खाली, काका मधे, आम्ही वर. लाकूडवाले उत्तर न्यायला आले होते, तेही पहिल्या वळणावर स्टुलावर बसले. न्हाव्याकडे भेटलेली ती बाईसुद्धा कुणाच्यातरी ओळखीने आली आणि खालच्या पायरीवर मुलाला घेऊन बसली. व्यायामोपचारवाली दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याला टेकून उभी राहिली. सगळ्यांना तिचा आवाज जाई आणि तिला मान वर-खाली करून सगळ्यांना उत्तरं द्यावी लागत.

सुरुवातीला ती दहा मिनिटं काही बोलूच शकली नाही. मावशींनी तेल सांगितलं, काकांनी धूळ सांगितली, लाकूडवाल्यांनी ओल, सेक्रेटरीने फरशी. वरून कोणीतरी ओरडलं, "आंबट!" मग ती म्हणाली, "तुम्ही सगळे थोड्याफार फरकाने एकच गोष्ट सांगताय. तुम्हाला वाटतं, गुडघा म्हणजे एक वस्तू आहे आणि ती खर्च होते."

"मग नाही होत?" मावशी.

"हाडांच्या टोकांवर एक मऊ अस्तर असतं, कूर्चा. तिच्यात बदल होतात, हे खरं. पण तिला रक्तवाहिन्या नाहीत. गुडघा हलला, त्यावर भार आला आणि गेला, की तिला पोषण पोहोचतं. नुसतं बसवून ठेवलं तर गुडघा वाचत नाही. भोवतालचे स्नायू दुबळे होतात, मग तोच गुडघा जास्त दुखतो. आणि एक्स-रे वाईट दिसतो म्हणजे दुखणारच असंही नाही, आणि दुखतं म्हणजे एक्स-रे वाईटच असंही नाही. हे फक्त म्हाताऱ्यांचंही नाही."

खालच्या पायरीवरची बाई मान वर करून बघत होती.

"मग आवाज?" काकांनी भिंग डोळ्यावर ओढलं.

"नुसता आवाज, दुखत नसेल तर काही नाही. सूज आली, लाल झाला, गरम लागला, ताप आला किंवा गुडघा अडकून राहिला तर मात्र लगेच डॉक्टरकडे."

काका निराश झाले. ते म्हणाले, "म्हणजे फुंकर नको?"

मग वरून हिचा आवाज आला. शाळेतला आवाज. सगळा जिना ताठ बसला. "उभी राहा. म्हणजे उभीच आहेस. मला एक सांग. गुडघ्यात पायऱ्यांचा कोटा असतो की नसतो?"

"नसतो, बाई."

"डॉक्टर म्हणाले, जिने टाळा."

"दुखत असताना जपून, बाई. कठडा धरा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. थांबत थांबत. वजन जरा कमी करता आलं तर बरं. मांडीचे व्यायाम मी शिकवते. थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशीही तसंच जास्त दुखत राहिलं तर कमी करायचं. पण टाळा म्हणजे आयुष्यभर टाळा असं नाही."

हिने आपला गुडघा एकदा वाकवून पाहिला. मग हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे हे वर्षभर मी नुसती वाचवत बसले." कुणी हसलं नाही. मला तिच्याजवळ जावंसं वाटलं. माझी खुर्ची तिच्या खुर्चीला लागूनच होती, तरी तसं वाटलं. लाकूडवाले खाली मान घालून बसले होते. त्यांच्या डोळ्यांसमोर ती खुर्ची असणार, रुंद दांड्यांची.

आता व्यायामोपचारवालीला वातावरण हलकं करायचं असावं. ती म्हणाली, "एक सोपी चाचणी करू. खुर्चीत बसायचं, हात छातीवर बांधायचे आणि हात न टेकता उठून उभं राहायचं. मांडीत किती जोर आहे ते कळतं."

मी पुढे सरसावलो. वजनमापे खात्याचा माणूस म्हणून मी सांगितलं की आधी एक निर्दोष नमुना तपासावा, मग बाकीचे त्याच्याशी ताडून पाहावेत. माझ्या गुडघ्यांना कधी काही झालं नव्हतं, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. मी कठड्यापाशी खुर्ची ओढली, जेणेकरून खालचेही पाहू शकतील. हात छातीवर बांधले. उठलो.

म्हणजे उठायचं ठरवलं. पाठ पुढे झाली, मान पुढे झाली, खुर्ची मात्र माझ्याबरोबर होती. दुसऱ्यांदा प्रयत्न केला. खालून घड्याळवाले काका म्हणाले, "आता येईल." आलं नाही. तिसऱ्यांदा मी अर्धा वर आलो, तिथे जरा थांबलो, आणि सगळ्यांच्या देखत परत बसलो. मावशी म्हणाल्या, "अगंबाई, यांचंच तेल आटलंय!"

तेवढ्यात ही उठली. हात न टेकता. जरा वेडावाकडा चेहरा झाला, पण उठली आणि माझा दंड धरून मला उभं केलं. ती अशी हसत होती की तिला कठडा धरावा लागला. वर्षभरात मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. अपमान झाला हे खरं, पण त्या क्षणी मला आणखी दोनदा खुर्चीत बसून पडायची तयारी होती.

"काका, तुमचा केसपेपर तयारच आहे," व्यायामोपचारवाली म्हणाली. "डावा, ना?"

सेक्रेटरीने विचारलं, "मग जागेचं काय? लेखी कळवायचं की नाही?"

ही कठड्यावरून खाली वाकून म्हणाली, "लाकूडवाले भाऊजी, घर आमचं राहू दे. यांना तळमजला हवा असेल तर यांना घेऊन जा. मी इथेच राहणार आहे."

लाकूडवाले उठून उभे राहिले. त्यांना घर मिळालं नाही याचं दुःख दिसलं नाही. ते म्हणाले, "वहिनी, एक विचारू? आमच्या हिच्याकडे तुम्ही एकदा याल? मी सांगितलेलं ती ऐकत नाही. ती म्हणते, दुखतंय मला, तुम्हाला नाही." ही चमकून माझ्याकडे बघू लागली. मी कठड्याच्या रंगाकडे पाहत राहिलो.

पुढच्या शनिवारी ही निघाली. पायात बूट, खांद्याला पिशवी. बसने गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचं होतं, एका बाईला तिच्या स्वतःच्या वखारीपर्यंत चालवत न्यायला. मी म्हणालो, "मी येऊ सोबत?" ती म्हणाली, "नको. तुम्ही मागे राहाल आणि मला थांबावं लागेल. मी येईपर्यंत खुर्चीवरून उठायचा सराव करा. हात टेकायचे नाहीत."

दार लावून ती जिना उतरू लागली. मी ऐकत उभा राहिलो. दुखरा पाय आधी, मग चांगला. मधे थांबली, घड्याळवाल्या काकांशी काहीतरी बोलली, पुन्हा पावलं सुरू झाली. काही दिवसांपूर्वी ती अशी थांबली असती तर मी धावत खाली गेलो असतो. आता गेलो नाही. मी आत जाऊन खुर्चीत बसलो. इमारतीत शांतता होती, बघायला कुणी नव्हतं, आणि आयुष्यभर लोकांचे किलो तपासलेल्या माणसाला एवढी सवलत असायला हरकत नाही असं वाटून मी उजवा हात हळूच खुर्चीच्या दांड्यावर ठेवला.

पहिल्या मजल्यावरून हिचा आवाज आला, "हात!"